चाचणी नगर : सकाळी सहा ते नऊ

‘नळवेळ’ ही संगणकप्रणाली गेली साडेपाच वर्षे सुप्तावस्थेत आहे, ही गोष्ट तिच्या तीन जबाबदार देखभालकर्त्यांपैकी एक या नात्याने मी सुरुवातीलाच नमूद करतो. सुप्त आहे, बंद नाही. बंद पडलेल्या प्रणालीची देखभाल करता येत नाही, आणि आम्ही तर दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी न चुकता देखभाल करतो.

ही प्रणाली आम्ही देवळीच्या अलीकडल्या बेलगव्हाणच्या नगरपंचायतीला फुकट बनवून दिली. कोणत्या गल्लीत नळ किती वाजता येणार हे ती रोज ठरवते आणि एका चिठ्ठीवर छापून देते. वॉलमन ती चिठ्ठी खिशात घालून सायकलवर निघतो आणि लोखंडी चाबीने त्या त्या गल्लीचा वॉल त्या त्या वेळी उघडतो. ओपन सोर्स असल्यामुळे तिचा कोड कुणालाही पाहता येतो, कुणालाही सुधारता येतो आणि कुणालाही उचलून नेता येतो. तो पाहायला बरीच वर्षे कुणी आलं नाही, ही गोष्ट वेगळी.

देखभालकर्त्यांपैकी मी, म्हणजे अच्युत, वर्ध्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात संगणक शिकवतो आणि सिंदी मेघेला राहतो. नमिता बँकेत आहे. साकेत पूर्वी इथेच होता. आता तो हैदराबादला नोकरी करतो आणि तिथून प्रकल्पावर लक्ष ठेवतो, म्हणजे आम्ही काहीही विचारलं की तीन आठवड्यांत ‘बघतो’ असं लिहून कळवतो. आमचा नियम एकच, पण कडक. कोडमध्ये एक अक्षर जरी बदलायचं झालं तरी उरलेल्या दोघांची लेखी संमती हवी. हुकूमशाही टाळण्यासाठी हा नियम केला होता आणि त्याला पूर्ण यश आलं. साडेपाच वर्षांत आमच्याकडे हुकूमशाही झाली नाही, दुसरंही काही झालं नाही. बैठकीत आम्ही मुख्यतः बोधचिन्हातल्या नळाचं तोंड डावीकडे असावं की उजवीकडे, यावर चर्चा करतो. नमिता डावीकडच्या मताची आहे.

अशाच एका रविवारी, बैठक माझ्या घरी चाललेली असताना, दारात एक म्हातारी बाई येऊन उभी राहिली. पायात रबरी चपला, हातात नायलॉनची पिशवी.

“अच्युत सर इथंच राह्यते काय जी?”

“मीच. या ना मावशी. काय काम होतं?”

“मी शकुबाई. बेलगव्हानहून आली, एसटीनं.” तिने पिशवीतून चार घड्या घातलेली एक चिठ्ठी काढली. “ह्याच्यावर खाली तुमचं नाव हाये म्हने. शाळंतल्या मॅडमनं वाचून देल्लं.”

चिठ्ठी आमच्याच प्रणालीची होती. सगळ्यात खाली बारीक अक्षरांत छापलं होतं : ‘ही प्रणाली स्वयंसेवकांच्या प्रेमातून चालते. अडचण आल्यास संपर्क : अच्युत, सिंदी मेघे.’ खाली दोन ओळींची जागा रिकामी राहत होती म्हणून आम्ही तो मजकूर घातला होता. ते वाचून खरोखरच कुणीतरी येईल, असं तेव्हा मनात आलं नव्हतं. खोटं कशाला सांगू, मला भरून आलं. आमची पहिली वापरकर्ती दारात उभी होती. नमिताने लगेच तिचा फोटो काढला, कारण संकेतस्थळावरच्या ‘आमचे वापरकर्ते’ या पानावर तोवर आमचेच तिघांचे फोटो होते.

“फोटो मंग काढा जी,” शकुबाई म्हणाली, “आंधी पान्याचं सांगा.”

पाण्याचं असं होतं. शकुबाई बेलगव्हाणच्या उंबरपुऱ्यात राहते आणि तिथल्या शाळेत एकशे चाळीस लेकरांची दुपारची खिचडी शिजवते. शाळेला नळ नाही, तिच्या दारातला नळ हाच शाळेचा नळ. तो आधी तासभर यायचा. मग चाळीस मिनिटं आला, मग वीस, मग दहा. गेल्या महिन्यापासून उंबरपुऱ्याचं नावच चिठ्ठीवरून गेलं होतं. ती दूरच्या एका बोअरवरून डोक्यावर पाण्याचा गुंड, म्हणजे हंडा, वाहून आणत होती. दोनदा तेही जमलं नव्हतं.

“तीन डाव खिचडी शिजली नाई तं काम दुसऱ्या बाईले देते. माह्ये दोन डाव झाले. आता एकच राह्यला.”

“तुम्ही नगरपंचायतीत तक्रार केली का?”

“केली ना जी! दर हप्त्याले केली. खिडकीतला साहेब कंपुटरमंदी लिहून घेते. जितक्या डाव गेली तितकं पानी कमी झालं, बाप्पा.”

मी नमिताकडे पाहिलं. नमिताने बोधचिन्हाकडे पाहिलं.

तक्रार आली की पाणी कमी, हा प्रणालीतला नियम आमचाच होता आणि आम्हाला त्याचा मोठा अभिमान होता. मी नागपूरला त्यावर एकदा भाषणही देऊन आलो होतो. विचार साधा होता. गल्लीतून तक्रार आली याचा अर्थ त्या गल्लीच्या लाईनीत बिघाड आहे. बिघडलेल्या लाईनीत पाणी सोडणं म्हणजे नासाडी. म्हणून दर तक्रारीमागे त्या गल्लीची दहा मिनिटं कमी करायची आणि जिथून सगळ्यात कमी तक्रारी येतात त्या गल्लीला द्यायची. दुरुस्ती झाली की नगरपंचायतीने ‘दुरुस्त’ हे बटण दाबायचं, म्हणजे मिनिटं परत येतात. हे बटण दुसऱ्या पानावर आहे. दुसरं पान आजवर कुणी उघडलेलं नाही.

“मावशी, तुमच्या अडचणीची नोंद घेतली आहे,” मी म्हणालो. खरंच घेतली. प्रकल्पाच्या पानावरची ती तिसरी नोंद होती. पहिल्या दोन बोधचिन्हाबद्दलच्या होत्या. नमिताने तिला ‘सोपं काम, नवशिक्यांसाठी’ असा शिक्का लावला.

“मंग उद्या येईन काय पानी?”

“प्रक्रिया सुरू झाली आहे,” मी म्हणालो.

ती गेल्यावर आम्ही चिठ्ठी नीट वाचली. पहिलीच ओळ होती : ‘चाचणी नगर, सकाळी ६ ते ९, वॉल क्र. १४.’ चाचणी नगर नावाची वसाहत बेलगव्हाणमध्ये नाही. जगात कुठेच नाही. प्रणाली बनवत होतो तेव्हा खऱ्या लोकांच्या पाण्याशी खेळ नको म्हणून एक खोटी वसाहत तयार केली होती. तिला वॉलही असा दिला होता की ज्यावर एकही घर नाही. चौदा नंबरचा, पाईप धुऊन गाळ काढण्यासाठी नाल्याच्या तोंडाशी बसवलेला. तेव्हा तिला दहा मिनिटं दिली होती. काम झालं की ती नोंद काढून टाकायची, असं ठरलंही होतं. पण काढायला दोघांची संमती लागते, आणि त्या आठवड्यात साकेत लग्नाला गेला होता.

चाचणी नगरातून कधी तक्रार येत नाही. येणार कशी? त्यामुळे साऱ्या गावाच्या तक्रारींची मिनिटं तिथे जाऊन साठली होती.

पुढच्या शनिवारी, पाण्याच्या वेळेत पोहोचावं म्हणून सकाळी आठलाच, मी आणि नमिता बेलगव्हाणला गेलो. पाणीपुरवठ्याच्या टेबलावर प्रभाकरराव होते. त्यांनी आम्हाला पाहून उठून हात जोडले.

“या सर, या मॅडम! चाचणी नगर म्हनजे आमच्या नगरपंचायतीची शान आहे. अशी वसाहत होणे नाई.”

“प्रभाकरराव, तिथे कुणी राहत नाही.”

“शांत वस्ती आहे,” ते म्हणाले.

वॉलमन चंद्रभान आम्हाला दाखवायला घेऊन गेला. कपाशीच्या शेतांपलीकडे, नाल्याच्या काठावर, सिमेंटचा ऐंशी मीटर रस्ता होता. तो सोयाबीनमधून निघून सोयाबीनमध्ये संपत होता. दोन्ही बाजूंना सहा खांब आणि सहाही दिवे भर सकाळी चालू. चार बाकडी. एक निळा फलक, त्यावर ‘चाचणी नगर आपले स्वागत करीत आहे’. आमची गल्ल्यांची यादी सगळ्यांसाठी खुली असल्यामुळे दिवाबत्ती विभागाने ती उतरवून घेतली होती, मग बांधकाम विभागाने घेतली. प्रत्येक विभागाने आधीच्या विभागाकडे पाहून खात्री करून घेतली होती. कचरा नाही, अतिक्रमण नाही, भांडण नाही, म्हणून गेल्या वर्षी ‘आदर्श वसाहत’ पुरस्कारही मिळाला होता. तो घ्यायला प्रभाकरराव गेले होते.

चौदा नंबरच्या वॉलमधून हत्तीच्या सोंडेएवढं पाणी धो धो नाल्यात पडत होतं. दहाबारा म्हशी त्यात डोळे मिटून बसल्या होत्या.

“सहाले उघडतो, नऊले बंद करतो,” चंद्रभान म्हणाला. “मधात बाकड्यावर बसून राह्यतो.”

“अहो, पण हे वाया जातंय हे तुम्ही कुणाला सांगितलं नाही?”

“सांगतलं ना सर. प्रभाकररावले सांगतलं. थे म्हने, तुही तक्रार हाये काय, लिहून घेऊ? मी म्हनलं, नाई बा. तक्रार लिहली तं माह्याच गल्लीचं पानी कमी व्हते.”

आम्ही परत येऊन प्रभाकररावांना स्पष्ट सांगितलं की ही नोंद आमची चूक आहे, ती रद्द करा. त्यांचा चेहरा उतरला. मग त्यांनी कपाट उघडून एक फाईल काढली आणि एकदम सरकारी मराठीत बोलू लागले. अस्तित्वात असलेली वसाहत रद्द करावयाची झाल्यास रहिवाशांची सुनावणी घेणे बंधनकारक होते. तीस दिवसांची नोटीस निघाली. ती चाचणी नगरच्या निळ्या फलकावर चिकटवण्यात आली, पंचनामा झाला, साक्षीदार म्हणून चंद्रभानची सही घेतली.

सुनावणीच्या दिवशी प्रभाकरराव अकरा ते पाच खुर्चीवर बसून राहिले. कुणी आलं नाही. सव्वापाचला त्यांनी निकाल लिहिला : ‘पुरेशी संधी देऊनही एकाही रहिवाशाने वसाहत रद्द करण्यास संमती दिलेली नाही. सबब प्रस्ताव फेटाळण्यात येत आहे.’

“अहो, पण विरोध तरी कुणी केला का?” नमिता ओरडली.

“नाई ना मॅडम. अशी शांत वस्ती आहे म्हनूनच तं पुरस्कार भेटला.”

आमच्याकडूनही प्रयत्न चालू होते. कोडमधली ती एक ओळ काढण्याचा प्रस्ताव मी चाचणी नगर पाहून आलो त्याच संध्याकाळी मांडला होता. नमिताने नवव्या दिवशी संमती दिली. मधले आठ दिवस ‘काढणे’ लिहावं की ‘वगळणे’ यात गेले. साकेतने तेविसाव्या दिवशी, पाच वर्षांत प्रथमच, एका शब्दाहून लांब उत्तर पाठवलं. त्याचं म्हणणं, जी नोंद इतकी वर्षे सुरळीत चालली आहे आणि जिच्यावर रस्ता, दिवे व पुरस्कार अवलंबून आहेत ती घाईने काढू नये. आधी एक अभ्यासगट नेमावा. अभ्यासगटात कोण असावं, असं आम्ही विचारलं. त्यावर ‘बघतो’ आलं.

या काळात शकुबाईचं काम टिकलं होतं, आणि त्याचं श्रेय आमच्यापैकी कुणाचंच नव्हतं. चंद्रभानने तिला सांगितलं की पाणी हवं तर चाचणी नगरात ये. ती गेली. नाल्याच्या काठी, तिसऱ्या दिव्याखाली, तीन दगड मांडून तिने मोठं गंज, म्हणजे शाळेचं खिचडीचं पातेलं, चढवलं. दुपारी शाळेतली एकशे चाळीस लेकरं रांगेने सोयाबीनमधून चालत येऊन सिमेंटच्या रस्त्यावर पंगत धरू लागली. मी एका शनिवारी मुद्दाम पाहायला गेलो. लेकरं जेवून वॉलखाली साठवलेल्या पाण्यात हात धूत होती, एकमेकांवर उडवत होती. आमच्या प्रणालीमुळे कुणालातरी पाणी मिळताना मी प्रथमच पाहत होतो. मला फार आनंद झाला, आणि तो चुकीच्या कारणासाठी होतो आहे हे कळूनही कमी झाला नाही.

सोमवारी प्रभाकररावांचा फोन आला. “सर, आनंदाची बातमी! रहिवासी सापडली. आता सुनावणी घेता येते.”

दुसऱ्या सुनावणीला चाचणी नगरची संपूर्ण लोकसंख्या हजर होती. शकुबाई खुर्चीच्या कडेवर बसली होती. प्रभाकररावांनी वाचून दाखवलं, “चाचणी नगर ही वसाहत रद्द करण्यास आपली संमती आहे काय?”

“नाई,” शकुबाई म्हणाली.

मी तिला बाजूला नेलं. “मावशी, अहो, हे रद्द झालं की पाणी परत उंबरपुऱ्यात येईल. तुमच्या दारात!”

“कवा येईन?”

“साकेतने संमती दिली की.”

“थो कुठं राह्यते?”

“हैदराबादला.”

“त्याच्या नळाले पानी येते काय?”

“येत असेल.”

“मंग त्याले काऊन घाई राहीन जी?” ती शांतपणे म्हणाली. “मले आज सकाळी इथं पानी भेटून राह्यलं. हैद्राबादच्या मान्साच्या भरोशावर मी पेटती चूल इझवू काय?”

मी शिक्षक आहे; उत्तर येत नसलं तरी काहीतरी बोलायची मला सवय आहे. त्या दिवशी मी तिला परत तिच्या खुर्चीशी नेऊन बसवलं.

प्रभाकररावांना तिची हरकत नोंदवायची होती. आमच्या प्रणालीत हरकतीचा फॉर्म नाही, तक्रारीचा आहे. त्यांनी तो भरला. चाचणी नगरच्या इतिहासातली ती पहिली तक्रार. दुसऱ्या दिवशीच्या चिठ्ठीवर छापून आलं : सकाळी ६ ते ८.५०.

पुढे सगळं नियमाप्रमाणे झालं. आदर्श वसाहतीत तक्रार आली कशी, याची वरून चौकशी आली. ती त्याच फॉर्ममध्ये नोंदवली गेली. चौकशीत निष्पन्न झालं की वसाहतीत एक बाई आहे. पुरस्कार मिळाला तेव्हा कुणीच नव्हतं, म्हणजे ती नंतर आली, म्हणजे अतिक्रमण. त्याचीही नोंद झाली. चूल, लेकरं, सांडलेला भात, प्रत्येकाची वेगळी. शकुबाईला नोटीस गेली, तिने उत्तर दिलं, उत्तराची नोंद झाली. दीड महिन्यात चाचणी नगर तीन तासांवरून वीस मिनिटांवर आलं.

कमी झालेली मिनिटं गावातच राहिली असती तर उंबरपुऱ्याला कधीतरी मिळालीही असती. पण तोवर पुरस्काराची कीर्ती पसरली होती. त्याच धरणाच्या पाण्यावरच्या आणखी दहा गावांनी आणि शहरांनी आमचा कोड उचलून नेला. ओपन सोर्स असल्याने आम्हाला विचारायची गरज नव्हती. यादी मात्र सगळ्यांनी आमचीच ठेवली, त्यामुळे सगळी गावं एकाच यादीत जोडली गेली आणि मिनिटं गावोगाव फिरू लागली. ज्या वस्त्या कधी कुरकुर करत नाहीत त्यांच्याकडे ती जातात. अकरा ठिकाणी वापर म्हटल्यावर प्रकल्प सुप्त म्हणता येईल का, यावर आमची एक बैठक झाली.

गेल्या मंगळवारी मी बेलगव्हाणला गेलो होतो. वीस मिनिटांत गंज अर्धंसुद्धा भरलं नव्हतं. खिचडी शिजली नाही. लेकरं येऊन, थोडा वेळ बाकड्यांवर बसून परत गेली होती. तो तिसरा डाव होता. काम दुसऱ्या बाईला गेल्याचा कागद शाळेतल्या मॅडमनी लगेच आणून दिला होता, आणि देताना त्या रडल्या होत्या असं चंद्रभान म्हणाला. शकुबाई गंजाच्या बुडाची काजळी राखेनं घासत बसली होती. गंज शाळेचं होतं, परत द्यायचं होतं.

“सर, एक विचारू काय?” तिने मान वर न करता विचारलं. “जो गप्प राह्यते त्याले पानी भेटते, असंच लिहलं ना तुमी त्या कंपुटरमंदी?”

“तांत्रिकदृष्ट्या पाहिलं तर… हो.”

“मंग मी तुमच्या घरी आल्ती, तवा काऊन नाई सांगतलं? मी त्याच दिसापासून गप्प राह्यली असती.”

मी घरी येऊन तिची सूचना चौथी नोंद म्हणून लिहिली : ‘वापरकर्त्यांना नियमाची पूर्वकल्पना द्यावी.’ ती ओळ काढण्याचा माझा प्रस्ताव अजून तिथेच आहे. नमिताची संमती आहे, साकेत बघतो आहे. हैदराबादला पाणी चांगलं येतं म्हणाला.

आता एवढं तुमच्यासाठी. तुमचं गाव त्या अकरांत आहे की नाही, हे मी सांगू शकत नाही. ते नगरपंचायतींनाही माहीत नसतं. पण तुमचा नळ सकाळी वेळेवर येत असेल, टाकी भरून वरून वाहत असेल, आणि गेल्या वर्षभरात तुम्हाला एकदाही तक्रार करावी लागली नसेल, तर आमच्या यादीत तुम्ही ‘समाधानी’ या रकान्यात आहात आणि शकुबाईची मिनिटं तुमच्याकडे जमा आहेत. ती परत करायची तर कोड खुला आहे, कुणालाही सुधारता येतो, तुम्हालाही. पाणी येतंय तोवर सवडीने बघा.